नागपुरात सोलो क्लासिकल गिटार ऐकायला येताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक माणूस, एक गिटार आणि माईक नाही, अशी मैफल नागपुरात रोज होत नाही. म्हणून ती झाली की दारावर तेच ते प्रश्न येतात, आणि ते रास्तच असतात. अशा कार्यक्रमांत खुर्च्या लावण्यापासून दार सांभाळण्यापर्यंतची कामं मी करतो. तिथे घाईत दोन शब्दांत आटोपावी लागणारी उत्तरं इथे जरा सावकाश लिहिली आहेत.

क्लासिकल गिटार म्हणजे वेगळी गिटार असते का?

हो. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये दिसते ती बहुधा स्टीलच्या तारांची असते आणि पिकने, म्हणजे चिमटीत धरायच्या छोट्या पत्तीने वाजवतात. क्लासिकल गिटारच्या सहा तारांपैकी तीन साध्या नायलॉनच्या असतात. खर्जाच्या तीन तारांत नायलॉनच्या बारीक धाग्यांचा गाभा आणि त्यावर चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तारेचे वेढे असतात. मान रुंद असते, त्यामुळे प्रत्येक तारेवर बोट स्वतंत्र पडतं. पिक अजिबात नाही, सगळं काम बोटांचं आणि नखांचं.

या वाद्याचा आजचा घाट स्पेनमधल्या अल्मेरियाच्या आंतोनियो दे तोर्रेस (१८१७–१८९२) या कारागिराने पक्का केला. वाजत्या तारेची ६५० मिलिमीटर लांबी आजही बहुतेक जण तशीच ठेवतात. पूर्वी तारा जनावरांच्या आतड्यांच्या असत, नायलॉन आलं १९४० च्या दशकात. आणि वाद्य परकं म्हणून नाक मुरडणाऱ्यांना एक सांगायला मला फार आवडतं: उत्तम स्पॅनिश गिटारच्या पाठीला आणि कडांना बऱ्याचदा भारतीय शिसव वापरतात.

म्हणजे पंडित विश्वमोहन भट्ट वाजवतात तसंच का?

नाही. त्यांची मोहनवीणा मांडीवर आडवी असते, तारा स्टीलच्या आणि डाव्या हातात तारेवरून घसरवायची कांडी. मींड काढायला ती रचना हवीच. इथे गिटार छातीशी, डाव्या हाताची बोटं थेट पडद्यांवर आणि संगीत पाश्चात्त्य, बहुतेक लिहून ठेवलेलं. राग ऐकायच्या तयारीने आलात तर पहिली वीस मिनिटं चुकल्या-चुकल्यासारखी जातील, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

तबला नाही, गाणं नाही. एकटा माणूस दीड तास काय वाजवणार?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. याचं उत्तर उजव्या हातात आहे. अंगठा खर्जाच्या तारांवर चालतो. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका वरच्या तीन तारांवर. करंगळीला सहसा काम नसतं. म्हणजे अंगठा खाली एक चाल चालवतो, वर दुसरी चाल चालू असते आणि मधल्या जागेत तिसरं काहीतरी भरलेलं असतं. हे सगळं एकाच माणसाकडून, एकाच वेळी. डोळे मिटून ऐकलं तर दोघं वाजवताहेत असं वाटतं. उघडले की एकच खुर्ची दिसते.

पहिल्यांदा येणाऱ्याला मी एवढंच सांगतो की वरची चाल सोडा, अंगठा ऐका. आपल्या कानाला गळ्याची, म्हणजे वरच्या सुरांची सवय असते, खर्जाकडे लक्ष जात नाही. एकदा अंगठ्याचा माग लागला की बाकीचं आपोआप सुटं होत जातं. लय धरून बसायला तबला लागत नाही, तो अंगठाच लय सांगत असतो.

आणखी एक गोष्ट. गिटारचा सूर छेडल्या क्षणापासून विरायला लागतो. व्हायोलिनसारखा तो ओढून धरता येत नाही. म्हणून लांब सुराचा भास करायला ट्रेमोलो नावाची युक्ती आहे. अंगठा खर्ज वाजवतो आणि त्यामागोमाग अनामिका, मधलं बोट, तर्जनी एकाच तारेवर तोच सूर भराभर छेडतात. नीट जमलं तर तीन वेगळे ठोके ऐकूच येत नाहीत, एक थरथरती रेघ ऐकू येते. संतूर ऐकलेल्यांना हा परिणाम ओळखीचा वाटेल. स्पॅनिश संगीतकार फ्रान्सिस्को तारेगा (१८५२–१९०९) यांची अलहंब्रा राजवाड्याच्या आठवणींवरची रचना अख्खी याच तंत्रावर उभी आहे. ती वाजायला लागली की पुढच्या रांगेतले लोक हमखास मान लांब करून उजव्या हाताकडे बघतात. बघा, खुशाल बघा.

माईक का लावत नाही? मागे बसलेल्यांनी काय करायचं?

पुढे येऊन बसायचं! गंमत बाजूला ठेवू, पण प्रश्न खरा आहे. गिटारच्या पुढच्या फळीची, म्हणजे तबलीची, जाडी जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर असते, पापडाहून थोडी जास्त. एवढ्याशा लाकडाच्या कंपातून येणारा आवाज मुळातच लहान. माईक लावला की तो मोठा होतो खरा, पण हातातून यायच्या ऐवजी कोपऱ्यातल्या डब्यातून यायला लागतो. नखाचा कडक सूर आणि बोटाच्या मांसाचा मऊ सूर यांतला फरक तिथे पहिल्यांदा हरवतो, आणि या वाद्यातली निम्मी मजा त्याच फरकात आहे. स्पॅनिश गिटारवादक आंद्रेस सेगोव्हिया (१८९३–१९८७), ज्यांनी गिटारला मोठ्या सभागृहांत मानाची जागा मिळवून दिली, ते हजारोंसमोरही माईकच्या विरोधातच राहिले.

तरी मी या बाबतीत कडवा नाही. रेशीमबागेतलं कविवर्य सुरेश भट सभागृह सुमारे दोन हजार लोकांचं आहे. तिथे माईकशिवाय गिटार लावणं म्हणजे मागच्या हजार जणांचा पैसा पाण्यात. अशा ठिकाणी बेताचा, नीट लावलेला माईक चालतो. पण माझं मत विचाराल तर हा कार्यक्रम शंभर-दीडशे खुर्च्यांच्या खोलीचा आहे. शाळेचा प्रार्थना हॉल, एखाद्या संस्थेचं छोटं सभागृह, नाहीतर धरमपेठ-रामदासपेठेतल्या जुन्या बंगल्याचा दिवाणखाना. छत उंच, फरशी उघडी आणि जाड पडदे कमी, म्हणजे काम झालं.

पहिल्या रचनेला आवाज बारीक वाटेल, तेव्हा घाबरू नका. रस्त्यावरच्या हॉर्नमधून आत आलेला कान ताळ्यावर यायला आठ-दहा मिनिटं लागतात. जाणते वादक म्हणूनच सुरुवातीला फार नाजूक रचना ठेवत नाहीत.

पंखे बंद का करता? जीव जातो ना!

छताच्या पंख्याची घरघर नेमकी खर्जाच्या सुरांवर बसते, आणि जुना एसी तर त्याहून वाईट. म्हणून असे कार्यक्रम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठेवलेले बरे. मे महिन्यात ठेवायची कल्पना कुणी मांडली तर मी बैठकीतून उठून जातो. पण थंडीतही एक संकट असतंच: लग्नसराई. हॉलला लागून मंगल कार्यालय असेल तर डीजे कोणत्या क्षणी सुरू होईल याचा नेम नाही. तेव्हा जागा ठरवताना आसपासच्या लॉनवर त्या दिवशी कुणाची वरात आहे का, हे विचारून घेणं हे आयोजकाचं पहिलं काम.

दाद कधी द्यायची? ‘वा’ म्हटलेलं चालतं का?

इथे आपल्या लोकांची खरी पंचाईत होते. आपण ख्याल ऐकत वाढलेले. सुंदर जागा आली की तोंडून ‘क्या बात है’ निघतं, समेवर मान हलते, हात वर जातो. आपल्याकडे तो गायकाशी चाललेला संवाद असतो, आणि गायकही त्याची वाट बघत असतो. इथे वादक एका बंद वाक्यात असतो. त्याला पुढचं सगळं ठरलेल्या क्रमाने वाजवायचं असतं, आणि आवाज इतका कमी की तुमचा ‘वा’ त्याच्या सुराहून मोठा पडतो. म्हणून दाद राखून ठेवायची. मान हलवायला कुणाची ना नाही.

टाळ्यांचं म्हणाल तर एका रचनेचे दोन, तीन, कधी सहा भाग असतात. भागांच्या मधे वादक क्षणभर थांबतो. तिथे टाळ्या वाजवत नाहीत, सगळे भाग झाल्यावर वाजवतात. कार्यक्रमाच्या कागदावर एका नावाखाली आकडे घालून उपभाग दिलेले असतील तर ती एकच रचना समजा. कागद नसेल तर वादकाकडे बघा. तळहात तारांवर ठेवून आवाज थांबवला, मान वर केली, लोकांकडे बघितलं की झालं. हात अजून तारांच्या जवळ घुटमळत असेल तर थांबा. शेवटचा सूर पूर्ण विरू द्या. सगळ्यात आधी टाळी वाजवून आपल्याला रचना ठाऊक असल्याचं दाखवणारा एक गृहस्थ प्रत्येक गावात असतो. तो तुम्ही होऊ नका.

आणि वाजलीच चुकून मधे टाळी, तर काही आभाळ कोसळत नाही. अठराव्या शतकातला थोर संगीतकार मोत्सार्ट, त्याच्या काळात लोक सर्रास मधेच टाळ्या वाजवायचे आणि त्याला ते आवडायचंही. टाळी वाजवणाऱ्याकडे वळून डोळे वटारणारे लोक मला जास्त त्रासदायक वाटतात.

‘वन्स मोअर’ मागता येतो का?

टाळ्या लांबवा, तोच इशारा. फक्त संगीत नाटकासारखं तेच पद परत मिळणार नाही. वादक वेगळीच एखादी छोटी रचना वाजवतो, बहुतेक वेळा तोंडानेच तिचं नाव सांगून. कधी कधी संध्याकाळची सगळ्यात चांगली चीज तीच असते, म्हणून स्कूटर काढायला आधीच पळू नका.

कोणाच्या रचना ऐकायला मिळतात?

वादकागणिक बदलतं, पण ढोबळ वळण ठरलेलं असतं: जुन्यापासून नव्याकडे. सुरुवातीला जुना जर्मन संगीतकार बाख, किंवा ल्यूट या जुन्या वाद्यासाठी लिहिलेलं काही. मग एकोणिसाव्या शतकातले फर्नांदो सोर आणि माउरो जुलियानी. सोर यांच्या मोत्सार्टच्या चालीवरच्या व्हेरिएशन्स बऱ्याचदा असतात. एकच सोपी चाल दर वेळी नवं रूप घेऊन येते, त्यामुळे नवख्याला त्या लगेच पकडता येतात. त्यानंतर स्पेन: तारेगा, अल्बेनिझ. अल्बेनिझ यांची ‘अस्तुरियास’ गिटारची सगळ्यात प्रसिद्ध रचना म्हणून मिरवते, पण त्यांनी ती लिहिली होती पियानोसाठी. मध्यंतरानंतर दक्षिण अमेरिका: पराग्वेचे आगुस्तिन बारियोस यांची ‘ला कातेद्राल’, ब्राझीलचे व्हिया-लोबोस यांची १९४० सालची पाच प्रेल्यूड, म्हणजे छोट्या रचना, क्युबाचे लिओ ब्राउवर.

यातली एक मोठी रचना कागदावर दिसली तर पुढची खुर्ची गाठा: बाखची शकोन. मूळ एकट्या व्हायोलिनसाठी. सेगोव्हियांनी तिचं गिटारवरचं रूप १९३५ साली पॅरिसमध्ये वाजवलं आणि तेव्हापासून प्रत्येक मोठा गिटारवादक तिच्या वाटेला जातो. साधारण चौदा-पंधरा मिनिटं, न थांबता. चार मात्रागटांचा खर्जाचा एक क्रम पुन्हा पुन्हा येतो आणि त्यावर दर वेळी नवं बांधकाम. आवर्तन मोजायची सवय असलेल्या नागपूरकर श्रोत्याला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. मधे एकदा सगळा रंग उजळतो, उदास वाटणाऱ्या मायनर स्वरसमूहाचा उजळ मेजर होतो, आणि काही मिनिटांनी परत काळवंडतो. ती वळणं कानाने पकडली तरी पुरे.

इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांची १९६३ सालची ‘नॉक्टर्नल’ असेल तर ती उलटी ऐकायची असते. आधी सगळ्या व्हेरिएशन्स येतात, आणि ज्या जुन्या गाण्यावरून त्या काढल्या ते जॉन डाउलंड या जुन्या इंग्रज संगीतकाराचं गाणं अगदी शेवटी. पहिल्या भेटीत ती जड जाते. त्या वेळी घड्याळ बघितलंत तरी मी रागावणार नाही.

हा माणूस मधे मधे खुंट्या काहून पिळून राहिला? गिटार खराब आहे का?

गिटार ठणठणीत आहे. नायलॉन ऊन-थंडीला लगेच प्रतिसाद देतं. बाहेर थंडी, आत दीडशे माणसांची ऊब आणि डोक्यावर दिव्यांचा झोत, एवढ्यात तारा उतरतात किंवा चढतात. नव्या तारा तर कित्येक दिवस ताणल्या जात राहतात. शिवाय काही रचनांसाठी सगळ्यात जाड तार मुद्दाम एक सूर खाली उतरवावी लागते आणि रचना संपली की परत चढवावी लागते. तानपुरा जुळेपर्यंत आपण थांबतोच की.

डाव्या पायाखाली ते छोटं स्टूल कशाला?

गिटारची मान चेहऱ्याच्या उंचीला यावी म्हणून. हल्ली काही जण स्टुलाऐवजी गिटारलाच एक टेकू लावतात, पाठ कमी दुखते.

कुठे बसावं? कपडे कोणते?

मधोमध, तिसऱ्या ते सहाव्या रांगेत. कपडे तुमचे तुम्ही ठरवा, कोट-टायची काही गरज नाही. फक्त काचेच्या बांगड्या भरपूर असतील तर हात मांडीवर स्थिर ठेवा. डिसेंबरात स्वेटर असू द्या, पण करकर वाजणारं नायलॉनचं जॅकेट दाराशीच काढून ठेवा.

उशीर झाला तर?

दोन रचनांच्या मधे आत सोडतो. दारावर वाद घालू नका, आत तो वादही ऐकू जातो.

खोकला आला तर काय करायचं?

नागपूरच्या थंडीत घसा कुणाचाही धरतो. खडीसाखर किंवा लवंग आधीच तोंडात ठेवा. गोळी असेल तर तिचा कागद बाहेर असतानाच काढा. चकचकीत कागद हळूहळू उघडला की आवाज कमी होत नाही, जास्त वेळ चालतो. खोकला आवरेनासा झाला तर उठून जा, कुणालाही वाईट वाटत नाही. भागांच्या मधल्या थांब्यात सगळेच खोकून घेतात, त्यांत सामील व्हा.

लहान मुलांना आणावं का?

सात-आठ वर्षांचं, स्वतः काहीतरी वाजवणारं मूल असेल तर जरूर आणा आणि पुढे बसवा, त्याला बोटं दिसू द्या. त्याहून लहान असेल तर कडेची खुर्ची घ्या आणि मध्यंतरापर्यंतच थांबायचं ठरवून या. सक्तीने बसवलेलं मूल पुन्हा कधी येत नाही.

मोबाइलवर रेकॉर्ड केलं तर?

नको. फोन बंद करा, नुसता सायलेंट नाही. खुर्चीच्या फळीवर थरथरणारा फोन अख्ख्या हॉलला ऐकू जातो. आणि अंधारात वर धरलेला एक उजळ पडदा मागच्या दहा जणांच्या डोळ्यांत जातो. शेवटी वाकून नमस्कार करताना फोटो काढा.

सिव्हिल लाइन्समध्ये कार्यक्रम असेल तर जायचं कसं?

मेट्रोने झिरो माइल किंवा कस्तुरचंद पार्कला उतरा आणि ऑटो करा. पश्चिमेकडून येणाऱ्यांनी अ‍ॅक्वा लाइनने सीताबर्डीला येऊन ऑरेंज लाइन पकडायची. परतीची शेवटची गाडी कितीची आहे ते जातानाच स्टेशनवर बघून ठेवा, कारण टाळ्या लांबल्या की घड्याळ विसरतं. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं. तेव्हा विधान भवनाच्या आसपास बंदोबस्त, मोर्चे आणि बंद रस्ते ठरलेले. त्या दिवसांत गाडी घेऊन येणार असाल तर अर्धा तास जास्त धरा.

कार्यक्रमानंतर वादकाला भेटता येतं का?

बहुतेक वेळा हो, आणि त्यांनाही आवडतं. दोन गोष्टी सांभाळा. गिटारला न विचारता हात लावू नका. आणि हस्तांदोलनाऐवजी नमस्कार करा. उजव्या हाताची नखं हेच त्यांचं अवजार. ती अगदी बारीक सँडपेपरने घासून ठराविक उताराची केलेली असतात. जोरात दाबलेल्या हातात एक नख तुटलं तर दुसऱ्या गावचा कार्यक्रम अडचणीत येतो. जवळून बघितलंत तर डाव्या हाताची नखं मुळापर्यंत कापलेली आणि उजव्याची वाढवलेली दिसतील. लहान मुलं हे सगळ्यात आधी टिपतात आणि मोठ्याने विचारतातही.

ऐकून आल्यावर मुलगी म्हणते, मला शिकायचंय. कोणती गिटार घ्यावी?

नायलॉनच्या तारांचीच. बोटं कमी दुखतात. दहा वर्षांच्या आतल्या मुलांना पूर्ण मापाची देऊ नका, तीन-चतुर्थांश मापाची मिळते. कुणी दुकानदार म्हणाला की यावर स्टीलच्या तारा चढवून देतो, आवाज मोठा येईल, तर दुकान बदला. स्टीलचा ताण फार जास्त असतो. तबलीवर तारा बांधलेली घोडी उखडते, तबली फुगते.

नागपुरात खरी परीक्षा उन्हाळ्याची. अशा लाकडाला हवेत साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, आणि आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी ती वीसच्या आसपास किंवा त्याहून खाली येते. तबलीला बारीक चीर पडते ती याच दिवसांत. कूलरसमोर ठेवणं हा उपाय नव्हे. रात्री ओली हवा आणि दुपारी कूलर बंद पडला की कोरडी, या ओढाताणीत लाकूड जास्त लवकर फाटतं. गिटार कायम केसमध्ये, केस भिंतीपासून लांब आणि आत ओला स्पंज घातलेली भोकांची साबणदाणी ठेवायची. स्पंज घट्ट पिळलेला हवा, थेंब लाकडावर पडता कामा नये. दोन-तीन दिवसांनी तो पुन्हा ओला करा आणि पाऊस सुरू झाला की काढून टाका. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत गिटार दहा मिनिटंही ठेवू नका. क्लासला जाताना मध्ये बर्डीवर खरेदी करायची असेल तर गिटार खांद्यावर घेऊनच दुकानात शिरा.